चकवरचा रंग

धाकट्या,

मी तुला विकलेलं लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन आज पाचला तू घरी सुरू करणार आहेस. घ्यायला आलास तेव्हा बॅटरी मारून बेडची झीज पाहिलीस, स्पिंडल हलवून पाहिलंस. लोखंड पकडून गरगर फिरणाऱ्या चकपाशी येऊन मात्र हसलास, "हा दादानं स्वतः रंगवलाय, याला काय तपासायचं?"

अरे, चक कधी कोणी रंगवतं का? त्या रंगाखाली तडा आहे. पुट्टी भरून मीच बुजवला. वेगात फिरला तर तुकडा उडून तोंडावर येईल.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसलो. पण पत्र पोचणार उद्या आणि आत्ताच पाचला दहा कमी आहेत.

फोन लावलाय. रिंग वाजतेय. उचल रे.

तो रंग देणारा,
दादा