भात टाकायची शिट्टी

आई, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेल्यात जमा आहे. दर रविवारी जुन्या आगगाड्या जपणाऱ्या हौशी म्हाताऱ्यांबरोबर कोळशाचं इंजिन घासते. तू दिलेल्या सुती साडीची फडकी केली, रागावू नकोस.

गेल्या महिन्यात इंजिन चाललं एकदाचं! शिट्टी मला वाजवायला दिली. वळण आलं आणि हातून बाबांचीच शिट्टी वाजली: एक लांब, दोन आखूड.

ड्रायव्हरकाका चक्रावले. "ही कुठल्या नियमातली?"

म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघरातली. ड्रायव्हर घरी येतोय, भात टाक."

आता दर फेरीला त्या वळणावर ते तीच वाजवतात.

आई, बाबा गेल्यापासून एकटीपुरता तरी भात टाकतेस ना गं? खरं सांग.

तुझी,
काजळीने माखलेली धाकटी