मागच्या सीटचं वजन

४ जानेवारी, रविवार

चिकटपट्टी सुटली आणि मोटारसायकलच्या हेडलाइटच्या काचेचा तुकडा नांदगावच्या उतारावर कुठेतरी पडला. एका अर्थी बरंच झालं. काच जूनमध्येच फुटलेली, दिवाळीपासून मी पट्टीवर पट्टी लावून चालवत होते. आता नवा दिवा घ्यायलाच लागणार. दहावीचे जादा तास उद्यापासून — शाळेतून निघेपर्यंत काळोख. आणि जुना दिवा म्हणजे काय? आतून गंजलेला वाडगा. खारी हवा सगळं खाते.

संघर्षला सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाला, "बदल." गाडीचा विषय निघाला की माझा नवरा एका शब्दाचा होतो. जूनमध्ये तो याच गाडीवरून पडला. समोरून काशीदच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कुणाचा तरी पांढरा झोत डोळ्यांत आला आणि हा गाडीसकट गटारात. पायात सळई बसली, पाय नीट झाला, आता एसटीच्या थांब्यापर्यंत झपाझप चालत जातो. पण गाडीवर बसत नाही. चालवायला नाही आणि मागेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गिअरची गाडी शिकले. सगळ्यांना सांगितलं, शाळेसाठी. खरं तर, निदान माझ्या मागे तरी बसेल म्हणून. मागच्या सीटवर सध्या वह्यांची पिशवी असते.

६ जानेवारी, मंगळवार

फाट्यावर केतनच्या गॅरेजात गेले. त्याने आधी एक राक्षसी दिवा काढला. "मॅडम, हा लावा. समोरचा आपोआप बाजूला होतो." हौसेने पेटवूनही दाखवला. मी दुसरीकडे तोंड केलं तरी डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत राहिले.

समोरचा बाजूला होतो! आमच्या घरातला असाच बाजूला झाला होता.

साधा गोल एलईडी घेतला. त्याचा उजेड वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा थांबतो. खाली रस्ता, वर काळोख. केतन म्हणाला की सगळेच समोरच्याचा असा विचार करायला लागले तर त्याला दुकानात अंडी विकावी लागतील. बसवून देतो म्हणत होता. मी नको म्हटलं, मीच बसवेन.

का नको म्हटलं? गाडी अंगणात उघडून बसले तर संघर्ष ओटीवरून उठून येईल, असं मनात होतं. हे सरळ नाही. नवऱ्याला गळ टाकल्यासारखं झालं.

९ जानेवारी, शुक्रवार

दिवा अजून खोक्यातच. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आज त्या खोक्यावर ताट ठेवून मेथी निवडली.

११ जानेवारी, रविवार

बसवला!

सकाळी नऊला सुरुवात. जुन्या दिव्याचे बाजूचे दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले. खोबरेल सोडलं, चहा घेतला, परत पाना लावला. एक फिरला. दुसऱ्याने माझ्या बोटाचं साल काढलं. दिवा उतरल्यावर आत वायरींचा गुंता आणि एका कोळ्याचा संसार. कोळ्याला कागदावर घेऊन जास्वंदीवर सोडलं. वायरींचा मोबाइलवर फोटो काढला, कुठली कुठे होती ते विसरू नये म्हणून.

नवा दिवा गाडीच्या लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये धरला तर दोन्ही बाजूंना फट. सगळ्या गाड्यांना बसतो असं खोक्यावर लिहिलंय. म्हणजे कुठल्याच गाडीला नीट बसत नसणार. वॉशर घालून फट भरली. एक कमी पडला.

संघर्ष ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होता. बघत नव्हता, पण सोलणंही होत नव्हतं. मी वॉशर शोधत होते तेव्हा त्याने टेबलाच्या खणातून एक काढून आईंच्या हातात दिला आणि आईंनी तो मला आणून दिला. "घे. राजानं पाठवलाय," म्हणाल्या.

संध्याकाळी पेटवला तर लख्ख. पण गाडी हळू केली की दिवा लुकलुक करायचा. मी घाबरले, काहीतरी जाळलं बहुतेक. तेव्हा ओटीवरून आवाज आला, की त्याला बॅटरीवरून करंट द्यावा लागेल, ते काम मात्र केतनकडून करून घे. एका दमात इतके शब्द! मी लुकलुकत्या दिव्याला मनातून धन्यवाद दिले.

१३ जानेवारी, मंगळवार

केतनने वायर बॅटरीवर घेतली. लुकलुक बंद. आता दिवा कुठे पडतो ते लावून घ्यायचं राहिलं. त्याची रीत अशी. गाडी भिंतीपुढे उभी करायची, दिव्याच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारायची, मग गाडी पंचवीस-एक फूट मागे घ्यायची. उजेडाची वरची कड रेघेच्या वीतभर खाली यायला हवी. दिव्याखालच्या स्क्रूने वरखाली करता येतं. पण केतनने बजावलं, की नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढं वजन गाडीवर ठेवूनच लावा. मागे माणूस बसला की मागची बाजू दबते, तोंड वर होतं आणि दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा तर जुन्या, फारच दबतात.

नेहमी जेवढी माणसं बसतात.

मी दोघांसाठी लावायचं ठरवलं. संघर्षची एसटी यायला वेळ होता. तांदळाचं पोतं मागच्या सीटवर बांधायला घेतलं तर आई बाहेर आल्या. "तांदूळ कुठं फिरायला चाललंय?" सांगावंच लागलं. त्या पोत्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन्नासचं हाय ना ते? माझा पोर काय पन्नास किलोचा हाय? काय समजलीस त्याला?" आत जाऊन पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या आणि पोत्यावर बांधायला लावला.

दोघी समाजमंदिराच्या भिंतीपुढे गेलो. खडू आईंच्या हातात, त्या रेघ मारायला. मी एकदा 'थोडं वर' म्हटलं तर म्हणाल्या, शाळेत असतेस तशी माझ्यावर ओरडू नकोस.

दिवा झकास लागला. एकाच्या गाडीवर दोघांचा.

घरी येऊन पोतं जागेवर ठेवलं, वरवंटा पाट्यावर. संघर्षला काही बोललो नाही. आई म्हणाल्या, "कशाला सांगायचा? बसला की कळंलच." मी खोटं बोलले नाही. पण मी खरंही वागले नाही, असं आता लिहिताना वाटतंय.

१५ जानेवारी, गुरुवार

दिवा छान. थोडा जवळ पडतो. होईल सवय.

१६ जानेवारी, शुक्रवार

सवय होणार नव्हती. होऊही नये.

येताना वळणावर रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग टाकलेला. तो मला दिसला तोवर मी त्याच्यावर पोचलेच होते. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, गाडी ढिगाला घासून थांबली. मला काही झालं नाही. पण घरापर्यंत गाडी पहिल्या गिअरवरच आणली.

मागे माणूस नाही, म्हणून तोंड खाली, म्हणून उजेड चाकापुढे दोन पावलांवर. नसलेल्या माणसासाठी दिवा लावला की असलेल्याला दिसत नाही. हे मला आधी कळत नव्हतं? कळत होतं. 'होईल सवय' कालच लिहिलंय.

फाटकातून आत येताना संघर्ष ओटीवर उभा होता. म्हणाला, दिवा असा पायात का पडतो? सांगून टाकलं. पोतं, वरवंटा, खडी, सगळं. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवायला लागल्या.

तो चिडेल असं वाटलं होतं. नाही चिडला. जेवून झाल्यावर म्हणाला, "मागे कोणी बसणार नाहीये, मानसी. तुझ्या एकटीसाठी लाव."

बरं म्हटलं. आमचं कॉलेजातलं जमलेलं, अजून अरे-तुरेच चालतं, आईंना ते वीस वर्षांनीही खटकतं. आज मात्र 'बरं'ला 'रे'सुद्धा न जोडता मी ताटं उचलून आत गेले.

१८ जानेवारी, रविवार

दिवसभर मनाशी भांडत होते. मला तो मागे हवाय तो त्याच्यासाठी, की माझ्यासाठी? जानेवारीत पाठीला गार लागतं. एवढंच असेल तर जाड स्वेटर घ्यावा. आणि मला आतून असंही वाटत आलंय, की बायकोच्या मागे बसायची त्याला लाज वाटते. इतक्या वर्षांत त्याचा असला स्वभाव कधी दिसला नाही, तरी वाटत आलंय.

संध्याकाळी खडू आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाले तर तो चपला घालून मागून आला. गाडी मी चालवत, तो पायी. समाजमंदिराशी माझ्याआधी पोचला, मधल्या बांधावरून.

मी एकटी गाडीवर बसले. पोतं नाही. त्याने स्क्रू फिरवला, मी भिंत बघत होते. उजेडाची कड वर येत येत रेघेच्या वीतभर खाली थांबली. झालं म्हटलं. तो म्हणाला, थांब.

आणि तो भिंतीकडे चालत गेला, वळला, आणि दिव्याकडे तोंड करून उभा राहिला. मला कळलं तो काय करतोय. समोरून येणारा माणूस जिथे असेल तिथे तो उभा होता. हात बाजूला, मुठी आवळलेल्या. मांड्यांपर्यंत उजेड, चेहरा काळोखात. मग जरा गुडघ्यात वाकला, मोटारसायकलवर बसलेल्याच्या उंचीला. तसाच वाकून एक एक पाऊल माझ्याकडे येऊ लागला. मी इंजिन बंद करायला हात नेला तर म्हणाला, चालू ठेव.

अगदी जवळ येऊन सरळ झाला. "डोळ्यांत येत नाही," म्हणाला. मग दिव्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

मी विचारलं. आता नाही तर कधी. लाज वाटते का रे माझ्या मागे बसायची?

तो हसला. खूप दिवसांनी. "लाज कसली? समोरून झोत आला की पाय आपोआप जमिनीकडे जातो माझा. एसटीत खिडकीशी बसलो तरी जातो. तुझ्या मागे बसलो आणि पाय टेकवला तर तुला पाडेन मी."

म्हणजे हे असं होतं. आणि मी काय काय समजत होते.

येताना मी गाडी बंद करून ढकलत आणली. तो दुसऱ्या बाजूने हँडल धरून. रस्ता सपाट आहे, ढकलायला सोपा.

२१ जानेवारी, बुधवार

एकटीसाठी लावलेला दिवा एकटीला उत्तम. मैलाचा दगड बराच आधी वाचता येतो. खडीचा ढीग अजून तिथेच आहे. आज लांबूनच दिसला, जवळजवळ नमस्कार केला. समोरून येणारे 'दिवा खाली घे' म्हणून मला डिपर मारत नाहीत. एका टेम्पोवाल्याने तर माझ्याकडे बघून आपला झोत खाली केला. मला दहावीच्या मुलांनी आपणहून फळा पुसल्यासारखं वाटलं.

मी आनंदात आहे हे लिहायला हरकत नाही. मागे वह्यांची पिशवी असली तरी. काही गोष्टी आपल्या हट्टाने होत नाहीत एवढं मान्य केलं की रस्ता बरा दिसतो. (हे वाक्य जरा सुविचारासारखं झालं. असू दे.)

नलूचा फोन आला. ही संघर्षची धाकटी बहीण. शनिवारी तिच्या शेतावर पोपटी लावणार, म्हणजे पाल्यात शेंगा घालून मडकं भाजणार. वालाच्या शेंगा यंदा भरल्यात, अंडी-कोंबडी तिची, भांबुर्डीचा पाला आम्ही न्यायचा. मडकं पेटणार काळोख पडल्यावर, आणि तिच्या गावाहून शेवटची एसटी सहाची. संघर्ष म्हणाला तो चारच्या एसटीने जाईल, राहील आणि सकाळी येईल. मी गाडीने जाऊन जेवून परत. आई गुडघे धरून घरी.

ठीक. पूर्वी अशा वेळी रुसले असते.

२४ जानेवारी, शनिवार

तो चारच्या एसटीने गेला. पाल्याची जुडी ओटीवरच विसरून. आता मी ती मागच्या सीटला बांधून निघतेय. आई म्हणतात, पाला वजनाला हलका हाय, दिव्याला काय होयाचा न्हाय.

२५ जानेवारी, रविवार

काल नलूकडून येताना समोरून येणारा जो तो डिपर मारत होता. सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. दिवा वाटभर सुपारीच्या शेंड्यांत. झोत आला की माझ्या कमरेवरची पकड घट्ट व्हायची. त्याचा पाय एकदाही खाली गेला नाही.

पोतं घरीच होतं. आज परत समाजमंदिराच्या भिंतीपुढे जायचंय.