सासऱ्यांचा गुडघा आणि चोवीस वॉट

३ जानेवारी
सासरे तीन आठवड्यांसाठी आलेत. थंडीने उजवा गुडघा धरलाय. जिन्याच्या दर चार पायऱ्यांनी थांबतात, पण कण्हत नाहीत. चाळीस वर्षं वायरमन होते. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या एकाही कामाला त्यांनी 'वा' म्हटलेलं नाही. मी ठोकलेलं शेल्फ पाहिलं आणि नुसते त्याच्या खालून बाजूला सरकले.
संकल्प : गुडघ्यासाठी विजेवर तापणारा पट्टा स्वतः बनवायचा. 'वा' वसूल केल्याशिवाय त्यांना घरी जाऊ द्यायचं नाही.

५ जानेवारी
करंट मोजायचा मीटर, बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि हीटरची तार आणली. दुकानदार म्हणाला, एक मीटर तार पुरे. दहा घेतली. त्याला काय कळतंय!
आमच्या ठमीचं दहावीचं पुस्तक चाळलं. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. संपलं! एवढ्यासाठी पोरं क्लासला जातात? लेकीला म्हटलं, अडलं तर बापाला विचार. ती हसली. आदराने असावं.

६ जानेवारी, संध्याकाळी ६
जुन्या मफलरात एक मीटर तार शिवली. (शिवली हिने. आयडिया माझी.) मीटर लावला : १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे ६ ओहम, २४ वॉट.
सासरे पट्टा बांधून अर्धा तास डोळे मिटून बसले. कसं वाटतंय विचारलं. म्हणाले, "ठीक आहे."
ठीक! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

८ जानेवारी
सकाळी एका दमात जिना चढून आले, तरी तोंडातून चकार शब्द नाही. आता बघतोच.
विचारांती शोध लागला. ओहम म्हणजे अडथळा. अडथळा जास्त, तर तापणं जास्त. आमच्या ऑफिसात फाइल दोन टेबलांवर अडली तर माणूस कुरकुरतो, चार टेबलांवर अडली की लालबुंद होतो. तार दोन मीटर केली. १२ व्होल्ट, १ अँपिअर. ओहम १२! एका संध्याकाळी दुप्पट प्रगती.
ठमी म्हणाली, बाबा, ओहम वाढले तर करंट घटतो, वॉट पण काढा ना. तिला समजावलं, पुस्तकी ज्ञान वेगळं, अनुभव वेगळा.
पट्टा हाताला जरा गार लागला. खिडकी उघडी होती.

११ जानेवारी
चार मीटर. अर्धा अँपिअर. ओहम २४. वॉट काढायला वेळ झाला नाही.
सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, हळूहळू तापत असेल. जाणकार माणूस! घरात एकाला तरी विज्ञान कळतं.

१४ जानेवारी
आठ मीटर!! पट्टा आता मांडीपासून पोटरीपर्यंत. पाव अँपिअर. ओहम ४८. ऑफिसात सांगितलं. साहेबांनी त्यांच्या आईसाठी एक मागितला. दोन देतो म्हणालो.
सासरे पुन्हा जिन्यात थांबायला लागलेत. कठड्याला धरून पाच मिनिटं उभे होते. थंडी फार वाढलीय.

१६ जानेवारी, संध्याकाळी ७
जिंकलो! पट्टा बांधून बसले आणि आपण होऊन म्हणाले, "वा! काय छान ऊब आहे!" सतरा वर्षांनी! मला भरूनच आलं. ही स्वयंपाकघरात खोकत सुटली, ठमी तोंडावर हात धरून पळाली. घरच्यांना कौतुक बघवत नाही ते असं.
पट्टा सोडला तर ओलसर लागला. पट्ट्याला घाम फुटला म्हणजे काय तापला असेल!

१७ जानेवारी
पट्ट्याखालून पाणी ठिबकलं. सासऱ्यांना शॉक बसेल म्हणून झडप घालून पट्टा ओढला. आतून गरम पाण्याची रबरी पिशवी पडली. बूच सैल होतं.
मग हिने सांगितलं, पंधरा तारखेपासून रोज तीच भरून देते. सासऱ्यांनी बजावलं होतं, जावईबापूंना कळू देऊ नका, एवढ्या हौसेने करतायत.
म्हणजे 'वा' पिशवीला होता. ते ठीक. पण स्वतःचा गुडघा ठणकत असताना माणूस माझं मन सांभाळत बसला होता. फार लाज वाटली. जेवण गेलं नाही.
एकटा बसून वॉट काढले. बारा गुणिले पाव. तीन. पुन्हा केलं. तीनच.

१८ जानेवारी
ही म्हणाली, तिचे बाबा आयुष्यात तीनदा "ठीक आहे" म्हणालेत. एकदा ती नोकरीला लागली तेव्हा, एकदा ठमी झाली तेव्हा, आणि एकदा सहा तारखेला. पहिलाच पट्टा त्यांना हवा होता, पण मागायचा कसा म्हणून गप्प बसले.
मला हे आधी कोणी का सांगितलं नाही, असं विचारलं. ठमी म्हणाली, मी सांगत होते.

१९ जानेवारी
सात मीटर तार कापून टाकली. १२ व्होल्ट, २ अँपिअर, ६ ओहम, २४ वॉट. गुणाकार ठमीकडून तपासून घेतला. पट्टा बांधला. अर्धा तास वाट पाहून विचारलं, कसं वाटतंय. सासरे म्हणाले, "हं."

२० जानेवारी
सासरे एका दमात जिना चढले. साहेबांना कळवलं की पट्ट्याचं जमणार नाही, आईंसाठी गरम पाण्याची पिशवी घ्या, चांगली येते.
उरलेली नऊ मीटर तार घेऊन दुकानात गेलो. कापलेला माल परत घेत नाहीत. दुकानदाराने विचारलं, एक मीटर पुरली ना?
मी म्हटलं, "हं."