जवळून ठिपके, लांबून नाना

जळगाव, १४ फेब्रुवारी १९८९

तीर्थस्वरूप नाना,

पुतण्या लीलाधरचा साष्टांग नमस्कार. (उजवा पाय मुरगळलाय असं कळलं, म्हणून फक्त डाव्यावर डोकं टेकवतोय.) आपली प्रकृती उत्तम असेलच. नसल्यास हे पत्र वाचून होईपर्यंत तरी ती कृपया उत्तम ठेवावी.

तर नाना, मी एकदाचा कलावंत झालो! इथल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या छापचित्रांचं प्रदर्शन लागलंय. मागे कपाशीच्या स्पर्धेत तुमचा पहिला नंबर आला, तेव्हा पेपरात तुमचा फोटो आला होता ना? (त्यात तुमच्यापेक्षा कपाशीच जास्त हसरी होती.) पेपरातला फोटो भिंगाखाली धरला तर नुसते ठिपके असतात, त्यांचा माणूस आपला डोळा करतो. हेच लोकांना दाखवावं म्हणून मी तो फोटो चार फुटी केला, लिनोलियमवर एकेक ठिपका तुरीच्या दाण्याएवढा कोरला आणि शाई लावून छापला. पाच महिने गेले. जवळून पाहावं तर तूर सांडलेली, वीस पावलं मागे जावं तर टोपीसकट नाना!

गफलत एवढीच झाली की हॉल दहा पावलांचा निघाला. आत येणारा प्रत्येक जण ठिपके बघायचा, मान डोलवायचा आणि पंखा लावायला सांगायचा. पण समोरची खिडकी रस्त्यावर उघडते, आणि रस्त्यावरून तुम्ही अगदी स्वच्छ दिसत होता. भोवती काळी चौकट (ती छापाची कड हो, दुसरं काही नाही), खाली उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा आणि वॉचमन हाशमभाईंनी डासांसाठी लावलेल्या उदबत्त्या. काल दुपारपर्यंत माणसं चपला काढून रस्त्यात उभी राहू लागली. धरणगावचे कापूसदलाल रतिलालशेठ दोन मिनिटं स्तब्ध राहिले आणि मिळेल त्या एस.टी.ने बातमी घेऊन गावी गेले. मला वाटलं, काय हा प्रतिसाद! मी खिडकीतून हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होतो.

आज सकाळी धरणगावहून बेबाआत्या आली. तुमची सख्खी बहीण, पण घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं नाही म्हणून नऊ वर्षं तुमच्याशी अबोला धरलेली. तिने रस्त्यातच हंबरडा फोडला आणि आत धावली, तर समोर ठिपके. बाहेर गेली की नाना, आत आली की नाना गायब. असं चार वेळा झालं. शेवटी चित्रावर हात ठेवून म्हणाली, "जवळ वनू तं दिखतच नही रे मना भाऊ." जवळ आलं की भाऊ दिसतच नाही! नाना, पाच महिने मी जे कोरत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं, आणि मला रडूच आलं.

माझं रडणं बघून तर तिची खात्रीच पटली. तुम्ही ठणठणीत आहात हे मी शपथेवर सांगितलं, तुमचं गेल्या आठवड्याचं पत्र दाखवलं. तिने ते बाजूला सारलं आणि छापलेल्या चित्राकडे बोट दाखवलं. "हातनं कोनी बी लिखी! आठे छापेल शे ना? मंग खोटं कसं व्हई?"

असो. मोठ्या मनाने माफ करावं.

आपला,
लीलाधर

ता.क. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र पारोळ्याच्या गाडीचे कंडक्टर झुलालभाऊ यांच्या हाती देतोय. त्यांना चहा पाजावा. तुम्हाला बघून ते दचकले तर दोन कप.

ता.क. २ आपण जिवंत आहात हे रविवारपर्यंत जाहीर केलं नाहीत तर उपकार होतील. गर्दी फार छान आहे.

ता.क. ३ वरचं रद्द समजा. आत्या उद्या सकाळी पहिल्या गाडीने पारोळ्याला निघतेय. "एकदा तरी बोलनू ऱ्हातू," एवढंच घोकतेय. कडी वाजली की घरातल्या कुणाला पाठवू नका. दार तुम्हीच उघडा.