मिठूजवळची शेगडी

लोणावळे, जानेवारी १९३७

ती. सौ. आईस,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

यांना असं अवेळी तळेगावला दारात पाहून घाबरू नकोस. आम्ही खुशाल आहोत.

इथे कडाक्याची थंडी आहे. आमचा मिठू पिसं फुगवून गप्प बसायचा, म्हणून काल त्याचा पिंजरा माजघरात घेतला, शेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळी पाहते तर पोपट तळाशी पडलेला! शेजारचे डॉक्टर म्हणाले, "थंडीनं नाही गेला. बंद खोलीतल्या कोळशानं गेला." अगं, धूर तर जरासुद्धा नव्हता!

मला एकदम आपल्या धाकट्या वत्सूची बाळंतिणीची खोली दिसली. खाटेखाली शेगडी आणि वारा लागेल म्हणून सगळं घट्ट बंद. माझ्या बाळंतपणात माझं डोकं ठणकायचं, तेव्हा तू दृष्ट काढायचीस. परवाच्या पत्रात वत्सूचंही डोकं दुखतं म्हणालीस. बाळ नीट रडतं ना गं?

बाळंतिणीच्या बाबतीत जावयाचं तू ऐकणार नाहीस, म्हणून हे लिहून देते आहे. यांना पाणीसुद्धा मागाहून दे. आधी वत्सूची खिडकी उघड.

तुझी,
प्रमोदिनी