चौथ्या कडव्यातली चरचर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रेकॉर्ड केलेल्या भजनात, चौथ्या कडव्याला चरचर आहे! पाचदा ऐकलं. मामांच्या आवाजावर, अगदी वरच्या सुराला.

शुक्रवारी सोलापूरला मामांचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. म्हणजे अख्ख्या बेंबळी गावानं ज्या आवाजात भजन ऐकलं, तो सासऱ्यांचा आवाज आता फक्त माझ्या या जुनाट लॅपटॉपमध्ये राहणार. आणि तो मी असा नासवून ठेवलाय!

४ फेब्रुवारी

मामांना पुन्हा गायला लावलं. धान्याच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून. "घसा वडतोय गं," म्हणाले. तरी गायले. वडिलांसमोरून बाहेर आल्यावर माझा नवरा राजशेखर माझ्यावर खेकसला — "आप्पांचा जीव घेतीस का?"

कालचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. लॅपटॉप तेवढाच हलका होईल.

मग नवीन त्याच टाळ-पखवाजावर लावलं. चरचर तिथंच!!

५ फेब्रुवारी

धाराशिवच्या स्टुडिओतल्या श्रीदेवीला फोन केला. हसली मेली! "आवाजात काय न्हाय गं. चौथ्या कडव्याला टाळ, पखवाज, कोरस, समदे ट्रॅक एकदम येत्यात. त्यात तू एकेकावर इफेक्ट चढवलेस. प्रोसेसर दमतोय. बफर वाढव, म्हंजी मशीनला जरा उसंत मिळंल, आन् ट्रॅक फ्रीझ कर." फ्रीझ म्हणजे इफेक्ट आवाजातच पक्का करून ठेवायचा, मशीनला तेच काम दर वेळी नव्यानं करायला नको.

केलं. ९६ टक्क्यांचा लोड ३१ वर आला. चरचर गेली.

म्हणजे पहिलंही स्वच्छच होतं! या दुसऱ्यात वरचा सूर फाटलाय. फाटणारच, घसा किती सुजलाय त्यांचा. पुन्हा गा म्हणायची सोय नाही — डॉक्टरांनी आजपासून बोलणंही बंद केलंय.

"पहिलं ठिवलंयस न्हवं?" श्रीदेवीनं फोन ठेवता ठेवता विचारलं होतं. मी व्हय म्हटलं. का म्हटलं?

६ फेब्रुवारी

कुणाला सांगितलेलं नाही. फार भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. सगळे रडले. मी सगळ्यांत जास्त.

१६ फेब्रुवारी

मामांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटीवर लिहिलं — "हे न्हाय. पहिलं लाव."

"लॅपटॉप हँग झालाय, मामा."

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं — "थांबतो की."