अंतरपाट धरणारे साक्षीदार

रोझ हिल,
शुक्रवार, १२ सप्टेंबर १९५८

आई,

जिंकलो! कांप दे मास्क गावच्या चंद्रावतीला आता घरातून कोणी काढू शकत नाही. तिचा नवरा वारला, तसा त्याला घर देणाऱ्या साखर कारखान्याचा वकील म्हणायला लागला, "लग्नाचा कागद नाही, म्हणजे ही त्याची बायकोच नव्हे, घर सोडा." मग तिच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना मी साक्षीला उभं केलं. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "लग्न लागलं कशावरून?" तर त्यातल्या जयरामकाकांनी हात वर धरून भर कोर्टात मंगलाष्टकंच सुरू केली! मागच्या बाकावरच्या बायकांकडे अक्षता नव्हत्या, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे विचारतात, फी का नाही घेतली? काय सांगू त्यांना? तुझंही लग्न असंच, बिनकागदाचं. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव नाही. लंडनला वकिली शिकताना तो दाखला मी लपवून ठेवायचो. लाज वाटायची मला तुमची. आज कोर्टात तोच खिशात ठेवून उभा होतो.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुला ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं लागेल, आणि मला हे तोंडाने सांगायचंय. उद्या पहिल्या बसने लालमतीला घरी येतो.

कागदावर फक्त तुझाच,
सीताराम